गर्गे सरांचं नाक

"हात पुढे करा," हे गर्गे सर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. मी हात पुढे केला. त्यांनी एका चंदेरी पाकिटातून सहा-सात हिरव्या गोळ्या माझ्या तळहातावर ओतल्या. दिसायला कोंबड्यांच्या खाद्यासारख्या. म्हणाले, "चोळा. गरम होईपर्यंत चोळा. आता ओंजळ नाकाशी न्या. हं, कोण आठवलं?"

"लिंबाचं लोणचं," मी म्हटलं.

"काय आठवलं असं नाही विचारलं. कोण आठवलं?"

नोकरीचा पहिला दिवस, वाद कुठे घालणार? मी मुकाट्यानं पुन्हा हुंगलं. "माझी मामी. कळवणची. लोणचं घालायची तेव्हा चार दिवस तिच्या हातांना..." असं म्हणता म्हणता मला मामी दिसलीच, पदर खोचून बसलेली. सरांनी वही उघडून स्वच्छ अक्षरात लिहिलं : कॅस्केड, रोहिणीबाईंची मामी, कळवण. कॅस्केड ही त्या गोळ्यांची जात. म्हणजे माझं नाव त्यांना आधीच ठाऊक होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, तोवर मला कुणी बाई म्हटलेलं नव्हतं. माणूस चक्रम दिसतोय, असं मनाशी म्हणत मी हात धुवायला निघाले, तर मागून आवाज आला, "साबण लावू नका. जेवणापर्यंत राहू द्या. नाक घाई करतं. त्याला जरा बसू द्यावं."

सरांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी ह्या गोळ्यांबद्दल सांगावं लागेल. हॉप ही एक वेल. ती थंड देशांत होते. तिची फुलं वाळवून, दळून, गोळ्या करून पाकिटातून आपल्याकडे येतात. जव भिजवून, शिजवून जे गोड पाणी निघतं त्यात ही फुलं पडली नाहीत, तर बिअर म्हणजे नुसती पेज. कडूपणा ह्यांचा, वासही ह्यांचाच. आणि ह्यांच्या जाती म्हणाल तर आंब्यापेक्षा जास्त. आमचा कारखाना अगदी लहान, दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागांच्या मधोमध. बिअर लावायचं काम माझं, तिच्यात कोणती फुलं पडायची हे ठरवायचं काम गर्गे सरांचं. ह्यात गंमत अशी, की सर बिअर पीत नसत. घोटभरसुद्धा नाही. चूळ भरून टाकायलाही नाही. पंचवटीतल्या भिक्षुकाच्या घरातला माणूस, कपाळाला रोज गंध. बी.एस्सी. झाले आणि अत्तरं-अगरबत्त्यांचे वास बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. तो बंद पडला तेव्हा आमचे मालक अभिजित त्यांना घेऊन आले. "पिणारे पुष्कळ मिळतात सर, हुंगणारा मिळत नाही," असं म्हणून आणलं म्हणे.

रोज अकरा वाजता सरांची बैठक भरायची. लांब टेबल, त्यावर पांढऱ्या ताटल्या, ताटल्यांत गोळ्या. आणि बोलावणं सगळ्यांना. रखवालदार पोपटराव, बाटल्या धुणाऱ्या चंद्रकलाबाई आणि त्यांच्या दोघी मैत्रिणी, ट्रकवाले, हिशेबनीस, कुणी द्राक्षाचा व्यापारी चुकून आत आला असेल तर तोही. पोपटराव ओंजळीत नाक खुपसून म्हणायचे, "साहेब, ह्याच्यात आमच्या म्हशीची वैरण हाय." सर गंभीरपणे विचारायचे, "कोण आठवलं?" "म्हैसच की. तीबी घरातलीच." वहीत म्हैस लिहिली जायची. चंद्रकलाबाई सुरगाण्याकडच्या. सिट्रा नावाची एक जात आहे, तिला पिकल्या आंब्याचा आणि पेरूचा वास येतो. तो हुंगला की त्यांना हमखास धाकटा भाऊ आठवायचा, झाडावर चढून बसलेला, खाली उतरायला तयार नसलेला. हा भाऊ पुढे कामाला म्हणून गुजरातेत गेला आणि परतला नाही, हे आम्हाला सिट्रामुळे कळलं. त्या दिवशी बाई ओंजळ नाकाशी धरून उभ्याच राहिल्या. सरांनी कुणाला घाई करू दिली नाही.

शेजारच्या बागेत गंधकाची फवारणी असली, तर मात्र बैठक रद्द. द्राक्षांवर भुरी पडू नये म्हणून बागाईतदार गंधक मारतात, आणि त्या वासात दुसरं काही कळत नाही. सर सकाळी फाटकातच थबकायचे, मान वर करून हवा घ्यायचे आणि सांगायचे, "वरच्या अंगाला कुणीतरी मारलंय. आज नाही." आम्हाला काही वास यायचा नाही. तासाभरानं वारा फिरला की यायचा. असं ते नाक.

सर एकटे राहत. गंगापूर रोडला दोन खोल्या, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दोघे भाऊ पंचवटीत, तिथेच घरचा उपाध्येपणा चालवणारे. भांडण म्हणाल तर नाही. वडिलांच्या श्राद्धाला सर दरवर्षी जात. पण दारूच्या कारखान्यातला माणूस, त्यामुळे पिंडाला हात लावायचा नाही, हे न बोलता ठरलेलं. "मी शेवटच्या पंगतीला बसतो," ते मला एकदा म्हणाले, "म्हणजे शेजारचं कुणी उठून जायचा प्रश्न येत नाही." तक्रारीचा सूर नव्हता. मीच उगीच तावातावानं म्हटलं, "सर, तुम्ही तर शिवतही नाही बिअरला!" ते म्हणाले, "ते त्यांना सांगायला आधी विषय निघावा लागतो, रोहिणीबाई."

माझं तरी वेगळं काय होतं? वणीला माझे वडील नातेवाइकांना सांगत, मुलगी फळांच्या रसाच्या कंपनीत आहे.

साझ नावाची जात सरांची लाडकी. वास अगदी हळू. ओलं गवत, थोडी मिरी, थोडी झाडाखालची माती. मला ती पुळचट वाटायची. सर म्हणत, "सिट्रा फाटकातूनच हाका मारत येतो. साझ येतो आणि शेजारी बसतो. मला आपलं शेजारी बसणारं बरं वाटतं."

मग ती साथ आली. कारखाना काही महिने बंद होता. सरांना ताप आला, तीन आठवडे ते दवाखान्यात होते, आणि आम्हा कुणाला भेटायला जाता आलं नाही. परत आले तेव्हा कोट खांद्यावरून घसरत होता. अभिजित हसून म्हणाले, "सर, बाकी जाऊ द्या. नाक शाबूत ना?" त्या दिवसांत सगळे सगळ्यांना हेच विचारत होते. सर म्हणाले, "शाबूत."

दुसऱ्या दिवसापासून अकराची बैठक सुरू. तीच वही, तोच प्रश्न. फरक एवढाच, की पूर्वी सर सगळ्यांत आधी हुंगत, आता सगळ्यांत शेवटी. आम्हाला वाटलं, आजारपणामुळे मंदावले आहेत.

त्या डिसेंबरात एका सकाळी मी कारखान्यात शिरले तीच नाकाला पदर लावून. पहाटे कुणीतरी शेजारची बाग फवारून गेलं होतं. ट्रॅक्टर निघून गेलेला, आवाज नाही काही नाही, नुसता गंधकाचा उग्र वास. डोळे चुरचुरत होते. आत पाहते तर सर टेबलावर ताटल्या मांडतायत. पोपटराव म्हणाले, "साहेब, आज...?" आणि थांबले. सरांनी वर पाहिलं. सगळ्यांचे पदर-रुमाल त्यांना दिसले. क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला, की मला तिथून निघून जावंसं वाटलं. मग ते म्हणाले, "हो, हो, आज नाही. ताटल्या पुसून ठेवत होतो."

बाकीच्यांनी ते सोडून दिलं. मी सोडलं नाही. माझा स्वभावच खोदून काढायचा. दोन दिवसांनी मी एक आगाऊपणा केला. एकाच पाकिटातल्या गोळ्या दोन ताटल्यांत काढल्या आणि पुढे वेगवेगळी नावं लिहिली. पोपटराव पहिलीबद्दल म्हणाले, "ही तिखट हाय." दुसरीबद्दल म्हणाले, "ही बी तशीच की." पण चंद्रकलाबाई म्हणाल्या, दुसरी जरा सौम्य आहे. शेवटी सरांनी दोन्ही चोळल्या, डोळे मिटले, बराच वेळ घेतला आणि म्हणाले, "पहिली तिखट. दुसरी सौम्य." वहीत लिहिलं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी जेवताना त्यांच्या डब्यातल्या आमटीचा आंबूस वास मला टेबलाच्या ह्या टोकाला येत होता, आणि ते शांतपणे भातावर ओतून खात होते. मी उठून म्हटलं, "सर, माझी भाजी घ्या ना, आईनं खूप दिलीय." आमटीचा डबा मी धुवायच्या निमित्तानं उचलून नेला.

त्यानंतर मी बैठकीत सगळ्यांच्या आधी, मोठ्यानं आणि सविस्तर बोलायला लागले. ह्यात संत्र्याच्या सालीचा वास आहे, वाळलेल्या नाही, ताज्या. ह्यात मागून धुरासारखं काहीतरी येतंय. सर शेवटी हुंगत आणि माझंच बोलणं चार शब्द बदलून सांगत. असे पंधरा दिवस गेले. एकदा आम्ही दोघं शीतखोलीत पाकिटं लावत होतो, तेव्हा माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तुम्हाला कळलंय."

मी हातातलं पाकीट फळीवर ठेवलं.

"डॉक्टर म्हणतात, येईल परत. कधी ते सांगत नाहीत. जूनमध्ये मी निवृत्त होतोय. तेवढं निभावलं तर बरं."

"सर, अभिजितदादांना सांगितलं तरी ते काही तुम्हाला..."

"घरी पाठवतील. मान देऊन, शाल घालून पाठवतील. घरी जायला माझी हरकत नाही हो." त्यांनी पाकिटाची कड सारखी केली. "पण घरी अकरा वाजता काय करायचं?"

त्या खोलीत हाडं गोठवणारी थंडी असते. मी म्हटलं, "मी आहे ना." ते म्हणाले, "मग माझं नाक तुमच्याकडे ठेवतो." इतकं साधं म्हणाले, की त्याचं ओझं मला तेव्हा जाणवलंच नाही.

मार्चमध्ये मोठा निर्णय आला. तोवर आम्ही दर महिन्याला निरनिराळी बिअर लावत होतो. आता अभिजितना एक कायमची हवी होती, मुंबई-पुण्याला पाठवता येईल अशी. त्यासाठी एक जात निवडून वर्षभराचा हॉप एकदम मागवायचा. दोन बिअर शर्यतीत होत्या. एक साझची, सरांनी पहिल्या वर्षापासून घडवत आणलेली. दुसरी सिट्राची, ती माझी. संपूर्ण माझी, तिच्या सात बॅच मी फेकून दिल्या होत्या, आठवी जमली होती. अभिजितचा ओढा सिट्राकडे होता, पण त्यांनी सांगून टाकलं, "सरांची ही शेवटची निवड. सर म्हणतील ते." आणि सर काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माझी काय अवस्था झाली ते आज लाज सोडून सांगते. मला ती बिअर हवी होती. वडिलांपुढे बाटली ठेवून म्हणायचं होतं, हा बघा फळांचा रस. सरांच्या साझवर माझा राग नव्हता, पण सर तर चाललेच होते, मला तिथे राहायचं होतं.

त्या सकाळी प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. यंदाचा नवा माल त्याच आठवड्यात आला होता. मी दोन्ही पाकिटं कापली, गोळ्या काढल्या. सरांनी साझच्या गोळ्या चोळल्या, ओंजळ नाकाशी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. "कसा आलाय यंदा?"

"सर, जरा खवट वाटतोय," मी म्हटलं. जुन्या झालेल्या किंवा हवा लागलेल्या हॉपला घामट मोज्यांसारखी घाण येते, ते ह्या धंद्यातलं पहिलं भय. "मोज्यांसारखा. थोडा."

"पाकिटाला भोक?"

"दिसत तर नाही."

"नक्की?"

"नक्की."

ते ओंजळ तशीच धरून होते. मी नळाकडे बघत राहिले. "बरं," ते म्हणाले. अकरा वाजता त्यांनी साझची ताटली मांडलीच नाही. अभिजितना सगळ्यांसमोर सांगितलं, "रोहिणीबाई म्हणतात, साझ खवट आलाय. मी दिवसभर विचार करतो, संध्याकाळी सही करतो." पाचला त्यांनी सिट्राच्या मागणीवर सही केली. अभिजितनी टाळ्या वाजवल्या. सरांनी मला पेढा दिला, स्वतः घेतला नाही, "मला चव लागत नाही" असं पुटपुटले. ते फक्त मलाच ऐकू गेलं.

सिट्राची बिअर चालली. चांगलीच चालली. वडिलांपुढे मी बाटली ठेवली, त्यांनी ती उचलून उजेडात धरली, परत ठेवली आणि म्हणाले, "लेबल झ्याक हाय." एवढ्यासाठी मी ते केलं होतं.

जूनमध्ये सरांना शाल-श्रीफळ झालं. पोपटराव रडले. सरांनी वही मला दिली. मी म्हटलं, "सर, दर रविवारी येणार मी." पहिले दोन रविवार गेलेही. सर चहा करायचे, कारखान्यातल्या एकेकाची चौकशी करायचे, आणि साझचं पाकीट फोडलं त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढायचे नाहीत. ते मला सहन होईना. मग मी फोन करायला लागले. मग फोनही सणावारी. काम वाढलं होतं, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे त्यांच्यासमोर बसलं की मला माझंच तोंड बघवत नव्हतं.

असं वर्ष गेलं, वर आणखी काही महिने. दिवाळीनंतर एका रविवारी मी मनाचा हिय्या करून गेले. बेल वाजवली तेव्हा अकराला पाच-दहा मिनिटं कमी होती. सरांनी दार उघडलं. घरातही इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. "या, या रोहिणीबाई," म्हणाले, जणू मी मागच्याच रविवारी येऊन गेले होते. आत शिरताच करपलेल्या दुधाचा वास आला. ताजा नाही, भिंतीत मुरलेला. त्यांना तो येत नव्हता, आणि येतोय असं सांगणारं घरात कुणी नव्हतं. मी खिडकी उघडली. ओट्यावर गॅस नव्हता, विजेची शेगडी होती. "गॅस काढून टाकला," ते म्हणाले, "गळाला तर मला कळायचं नाही." पाणी घ्यायला फ्रिज उघडला, तर प्रत्येक डब्यावर चिठ्ठी : आमटी, शुक्रवार. दूध, शनिवार सकाळ. त्याच स्वच्छ अक्षरात.

बाहेर येऊन मी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. "सर, साझ खवट नव्हता. मी खोटं बोलले. मला माझी बिअर हवी होती."

सर बशीत चहा ओतत होते. ओतून झाला. "मला माहीत आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे?"

"तुम्ही नळाकडे बघत होतात. मग ते पाकीट मी कोटाच्या खिशात घातलं. दिवसभरात सात जणांना हुंगायला दिलं. पोपटराव, चंद्रकलाबाई, त्यांच्या मैत्रिणी, दोन ट्रकवाले, हिशेबनीस. एकेकट्याला गाठून. जास्त काही विचारलं नाही, उगाच शंका यायची. एवढंच विचारलं, ताजं का शिळं? सातही जण म्हणाले, ताजं."

"मग सही का केलीत?" माझा आवाज चढला. खरं तर मी चिडलेच. इतके महिने मी जळत होते आणि ह्यांना सगळं ठाऊक! "अभिजितदादांना सांगायचं होतं!"

"काय सांगायचं होतं? सगळ्यांसमोर तुमचं नाव घेऊन बसलो होतो. साझ ताजा आहे म्हटलं असतं, तर तुमचं नाक खोटं ठरलं असतं. पुढे तुम्ही खरं बोलला असतात तरी कुणी ऐकलं नसतं. माझं नाक तर गेलेलंच. मग तिथे हुंगणारं कोण उरलं असतं?" त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. "बिअर काय, सिट्राचीही चांगली होते. चहा घ्या."

मी चहा घेतला. साखर नव्हती त्यात, पण ते त्यांना सांगितलं नाही. खाली रस्त्यावर रविवारची भाजीची गाडी ओरडत होती.

"तुम्ही याल असं वाटलं होतं," सर म्हणाले. "जरा लवकर याल असं वाटलं होतं. मला एक विचारायचं होतं." ते खुर्चीत थोडे पुढे झाले. आजारपणानंतर इतकं ताठ बसलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. "सात जणांनी ताजं म्हटलं, पण कसं ते कुणी सांगितलं नाही. मी विचारूही शकलो नाही. ते सांगायला तुम्हीच हव्या होतात. माझ्या हातातून गेलेला तो शेवटचा साझ. ओंजळ भरून नाकाशी धरला होता आणि काही म्हणजे काही आलं नाही. आता सांगा. सावकाश सांगा. कसा होता?"

त्यांनी डोळे मिटले.

मी तोंड उघडलं. गवत, मिरी, माती, मला सगळं पाठ होतं. दर वर्षीचा साझ तसाच असतो, मी अर्धा तास बोलू शकले असते. आणि ते ऐकत राहिले असते. पण त्या माणसापुढे दुसऱ्यांदा खोटं बोलायला जीभ रेटेना.

"सर," मी म्हटलं, "मी तो हुंगलाच नाही. पाकीट कापलं, ताटलीत ओतला आणि घरून ठरवून आलेलं वाक्य बोलले. नाकापर्यंत नेलाच नाही."

सरांनी डोळे लगेच उघडले नाहीत. मग उघडले तेव्हा ते रागावलेले नव्हते. ते रागावले असते तर मला सोसलं असतं.

"असं होय," ते म्हणाले. "म्हणजे आपण दोघांनीही नाही."

आणि कपबश्या उचलून विसळायला आत गेले.